क्लब बदलायचा का? तेरा वर्षांची मुलगी, ईसीएनएलची जागा आणि पुढचं कॉलेज

न्यू जर्सीतल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी नोव्हेंबर २०१२ ची, जन्म पुण्याचा, सध्या सातवीत. आई-वडील एच-१बी वर. घराजवळच्या सॉकर क्लबमध्ये ती लेफ्ट बॅक (बचावफळीत डावीकडची खेळाडू) म्हणून खेळते आणि जवळपास पूर्ण सामना मैदानात असते. आता पाऊण तासावरच्या, ईसीएनएल या देशभरातल्या वरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या एका क्लबने तिला २०२६-२७ च्या मोसमासाठी जागा देऊ केली आहे, पण तिच्या जागेवर तिथे आधीच दोघी आहेत. आईचं म्हणणं, ‘आत्ता नाही म्हटलं तर कॉलेजची दारं बंद होतील का? आणि हा सगळा खर्च पुढे शिष्यवृत्तीतून भरून निघतो का?’

मी मुलींच्या क्लब सॉकरमध्ये बरीच वर्षं कोचिंग करते. अकरावी-बारावीतल्या मुलींसोबत बसून त्यांची पत्रं, व्हिडिओ, कॉलेजच्या कोचशी होणारे फोन, हे सगळं जवळून पाहिलं आहे. दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दारं बंद होणार नाहीत, आणि खर्च भरून निघेल या हिशेबावर निर्णय घेऊ नका. क्लब बदलायचा की नाही, ते मात्र फक्त दोन गोष्टींवर ठरवा: पुढच्या दोन वर्षांत तिला खरे सामने किती खेळायला मिळणार आणि रोज तिला कोण शिकवणार.

आधी लीगच्या नावांबद्दल, कारण पालकांची सगळ्यात जास्त झोप त्यानेच उडते. ईसीएनएल २००९ मध्ये सुरू झाली. २०१७ मध्ये अमेरिकन सॉकर फेडरेशनने मुलींसाठी स्वतःची डेव्हलपमेंट अकॅडमी काढली, तेव्हा मोठमोठे क्लब तिकडे गेले आणि ‘आता हाच एक मार्ग’ असं पालकांना सांगितलं गेलं. २०२० च्या वसंतात फेडरेशनने ती बंद केली. त्याच वर्षी त्यातल्या बऱ्याच क्लबांनी मिळून गर्ल्स अकॅडमी उभी केली, काही ईसीएनएलमध्ये परतले. म्हणजे ज्या मुलीने सातवीत एका लीगच्या बिल्ल्यासाठी क्लब बदलला, तिच्या जर्सीवर बारावीपर्यंत तो बिल्ला राहिलाच असं झालं नाही. आज वरच्या थराला ईसीएनएल आणि गर्ल्स अकॅडमी, त्याखाली ईसीएनएलची रिजनल लीग, आणि आपल्या भागात ईडीपीसारख्या लीग. खालच्या थरातही चांगले कोच आहेत आणि वरच्या थरातही वर्षभर बेंचवर बसणाऱ्या मुली आहेत.

बिल्ल्याला काहीच किंमत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ईसीएनएल आणि गर्ल्स अकॅडमीच्या शोकेस स्पर्धांना कॉलेजचे कोच मोठ्या संख्येने येतात. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागातल्या मोठ्या कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटांच्या) टीम पाहिल्या तर बहुतेक अमेरिकन मुली याच दोन लीगमधून आलेल्या दिसतील. तुमच्या मुलीचं ध्येय तेच असेल तर नववीच्या सुमारास तिला या पातळीवर खेळावं लागेल. पण नववी म्हणजे २०२७ चा सप्टेंबर. आत्ता सातवी चालू आहे. मधला काळ शिकण्याचा आहे, आणि बचावात खेळणारी मुलगी चुका करतच शिकते. विंगर कधी आत वळणार, सेंटर बॅक पुढे गेली की मागची जागा कोणी भरायची, दमलेल्या पायांनी सत्तराव्या मिनिटाला क्रॉस कसा अडवायचा, यातलं काहीही बेंचवरून शिकता येत नाही.

आता तुमच्याच बाबतीतला एक बारकावा. तुम्ही लिहिलंय की तिच्या जागेवर दोघी आहेत. त्या दोघींचा जन्म कोणत्या महिन्यातला, हे विचारलंत का?

गेली जवळपास दहा वर्षं इथे वयोगट जानेवारी ते डिसेंबर असे होते. २०२६-२७ पासून ते १ ऑगस्ट ते ३१ जुलै होत आहेत. जुन्या पद्धतीत तुमची मुलगी २०१२ च्या गटात. त्या गटातल्या जानेवारी ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुली आपल्याकडे बहुतेक एक इयत्ता पुढे असतात. मागे राहिलेल्या तुमच्या मुलीसारख्या मुलींना आम्ही ‘ट्रॅप्ड प्लेयर’ म्हणतो: बाकीची टीम नववीत जाऊन हायस्कूलच्या मोसमात रमते आणि ही आठवीत एकटी, टीमशिवाय शरद काढते. शिवाय वर्षानुवर्षं स्वतःहून सात-आठ महिन्यांनी मोठ्या मुलींशी खांदे भिडवत राहते. नव्या पद्धतीत ती ऑगस्ट २०१२ ते जुलै २०१३ या गटात येईल. स्वतःच्याच इयत्तेच्या मुली, आणि त्यात ती मोठ्यांपैकी. तिच्यासारख्या मुलींसाठी हा बदल फार चांगला आहे.

आणि म्हणूनच त्या दोघींचा महिना महत्त्वाचा. त्यांचा जन्म फेब्रुवारी किंवा मे २०१२ चा असेल, तर येत्या मोसमात त्या वरच्या गटात जातील आणि लेफ्ट बॅकची जागा मोकळी असेल. त्या दोघी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या असतील तर त्या तिथेच राहणार. पहिल्या परिस्थितीत मी म्हणेन, जरूर विचार करा. दुसऱ्या परिस्थितीत निदान एक वर्ष थांबा. क्लबच्या डायरेक्टरला सरळ विचारा, ‘नव्या गटात या टीमच्या यादीत किती जणी असतील आणि लेफ्ट बॅक म्हणून तुम्ही कोणाकोणाला धरताय?’ चांगला डायरेक्टर न चिडता उत्तर देतो. यादी बाविसाची असेल आणि उत्तर गोलमोल असेल, तर ती जागा टीमला बळ देण्यासाठी आहे की फी गोळा करण्यासाठी, हे तुमच्या लक्षात येईल. वयोगट बदलल्यामुळे या वर्षी सगळेच क्लब याद्या नव्याने लावताहेत, त्यामुळे ‘उद्यापर्यंत सांगा, नाहीतर जागा जाईल’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. त्या वाक्याला घाबरू नका. चांगली लेफ्ट बॅक, तीही डाव्या पायाची, सगळ्यांनाच हवी असते.

कॉलेजच्या वाटेचं वेळापत्रक पालकांना वाटतं त्यापेक्षा उशिराचं आहे. २०१९ पर्यंत आठवी-नववीतल्या मुलींना तोंडी ऑफर जायच्या, चौदा वर्षांच्या मुली ‘कमिट’ व्हायच्या. त्या वर्षी एनसीएएने नियम बदलला. आता पहिल्या विभागाच्या कोचला मुलीशी निवडीबद्दल बोलायला, पत्राला उत्तर द्यायला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत थांबावं लागतं. अधिकृत भेटी अकरावीच्या सुरुवातीला, १ ऑगस्टपासून. तुमची मुलगी २०३१ मध्ये बारावी संपवणार, म्हणजे तिचा तो दिवस १५ जून २०२९. तीन वर्षांहून जास्त काळ हातात आहे. त्याआधी ‘कोच आमच्याकडे बघताहेत’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर ते मनावर घेऊ नका. आयडी कॅम्पची (कॉलेजचे कोच खेळाडू पारखायला घेतात त्या शिबिरांची) आमंत्रणं येतील, तीही भरपूर. बहुतेक वेळा ती ईमेलच्या लांबलचक यादीवर एकाच वेळी गेलेली असतात आणि कॅम्प हा कोचिंग स्टाफच्या कमाईचाही भाग असतो. ज्या कॉलेजात तिला खरंच जायचं आहे, ज्या कोचने तिच्या खेळातलं काहीतरी नेमकं लिहिलं आहे, तिथेच पैसे खर्च करा.

पत्रं मुलीने लिहायची. हे मी प्रत्येक आई-वडिलांना सांगते, आणि तरीही दरवर्षी एखाद्या बाबांची सुबक, तीन परिच्छेदांची, ‘आमची कन्या लहानपणापासूनच’ अशी पत्रं कोचच्या पेटीत जाऊन पडतातच. कोच विषयाची ओळ वाचतो. त्या ओळीत एवढंच हवं: २०३१, लेफ्ट बॅक, शनिवार सकाळी ९:४०, मैदान ७, जर्सी १४. खाली चार-पाच वाक्यं: तुमच्या कॉलेजात मला काय शिकायचंय, तुमचा कुठला सामना मी पाहिला आणि त्यात तुमच्या फुलबॅक कशा वर चढत होत्या, माझे गुण, माझ्या क्लब कोचचा नंबर, तीन मिनिटांच्या व्हिडिओची लिंक. व्हिडिओत संगीत नको, पहिल्या वीस सेकंदांत सगळ्यात चांगले प्रसंग हवेत, आणि चेंडू येण्याआधी ती कुठे उभी होती तेही दिसायला हवं. कोच त्याचवरून ओळखतात की तिला खेळ वाचता येतो का. स्पर्धा झाली की आभाराची एक ओळ. बस.

शोकेसला कोच काय बघतात, ते एकदा जवळून पाहून घ्या. पालकांच्या समोरच्या बाजूला किंवा गोलच्या मागे घडीच्या खुर्च्यांवर ही मंडळी बसलेली असतात, मांडीवर टीमची यादी, हातात पेन. सॅन डिएगोचा सर्फ कप असो नाहीतर रिचमंडचा जेफरसन कप, एका मैदानावर एक कोच पंधरा-वीस मिनिटं थांबतो आणि पुढच्या मैदानाकडे चालू लागतो. त्या वेळात तुमची लेफ्ट बॅक गोल मारणार नाही. तो काय टिपतो? चेंडू येण्याआधी तिने खांद्यावरून मागे पाहिलं का. पहिला स्पर्श पुढे, जागेत पडला की पायाखाली अडकला. चेंडू गेला की पुढची तीन सेकंदं ती काय करते: हात पसरून रेफ्रीकडे बघते की परत पळते. गोलकीपरच्या चुकीने गोल झाला तर तिच्याजवळ जाते का. बदली म्हणून बाहेर आली की बाटली आपटते, की शेजारच्या मुलीला टाळी देऊन मैदानाकडे बघत बसते. मी कॉलेज कोचच्या शेजारी बसून हे पाहिलं आहे; यादीतल्या नावापुढची छोटीशी खूण अनेकदा अशा चेंडू नसलेल्या क्षणी होते. आणि मैदानाच्या कडेला ओरडणारे पालकही त्यांना ऐकू येतात.

आता पैसे. पहिल्या विभागात महिला सॉकरच्या टीमला २०२४-२५ पर्यंत जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देता यायची, आणि ती पंचवीस-तीस मुलींत तुकडे करून वाटली जायची. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातला समझोता न्यायालयाने मान्य केला. त्यानंतर जी कॉलेजं त्यात सामील झाली, त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि टीमच्या संख्येची मर्यादा आली: महिला सॉकरला २८. कागदावर २८ जणींना पूर्ण पैसे देता येतात. प्रत्यक्षात त्याच समझोत्याने खेळाडूंना थेट पैसे वाटण्याची मुभा दिली, आणि त्या पैशाचा ओघ अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे आहे. सॉकरच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी जुन्यापेक्षा फार जास्त येत नाही. उलट पूर्वी ३२-३४ जणींच्या टीममध्ये बिनपैशाची का होईना जागा मिळायची, ती शेवटची चार-सहा नावं गेली. त्यात ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलायची सोय. कोचला एक जागा भरायची असेल तर अठरा वर्षांच्या मुलीऐवजी दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळलेली एकवीस वर्षांची मुलगी किंवा युरोपातून आलेली खेळाडू त्याला जास्त खात्रीची वाटते. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या दर शंभर मुलींत दहाजणीही एनसीएएपर्यंत पोहोचत नाहीत, आणि पहिल्या विभागात तर त्याहून कितीतरी कमी.

वरच्या लीगची फी, विमान, हॉटेल, आठवड्यातून चार दिवसांचं पेट्रोल धरलं तर एका घराचे वर्षाला आठ-दहा हजार डॉलर सहज जातात. हे पैसे तिला आवडणाऱ्या खेळासाठी खर्च करताय, असं समजून द्या. ते झेपत असतील, घरातल्या धाकट्याचं काही अडत नसेल, तर आनंदाने द्या. कॉलेजची फी हेच उद्दिष्ट असेल तर तेवढीच रक्कम दर वर्षी ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) टाकणं जास्त खात्रीचं आहे. बऱ्याच क्लबांत आर्थिक मदतही असते. मागायला संकोचू नका. आपल्या लोकांत हा संकोच फार.

मला मनापासून वाटतं की आपल्या घरांनी तिसऱ्या विभागाकडे आणि आयव्ही लीगकडे आधी बघावं. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच, म्हणून पालक नाव ऐकूनच तोंड फिरवतात. पण विल्यम्स, अ‍ॅम्हर्स्ट, एमोरी, शिकागो, कार्नेगी मेलन, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी इन सेंट लुइस ही सगळी तिसऱ्या विभागातली आहेत. तिथलं सॉकर हलकं नाही. पहिल्या विभागात चालल्या असत्या अशा मुली मी तिथे खेळताना पाहिल्या आहेत. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कोच मुलीचे गुण प्रवेश विभागाकडे पाठवून ‘प्री-रीड’ करून घेतात: ही मुलगी आपल्या इथे बसेल का, एवढं आधीच कळतं. मग कोचचा पाठिंबा घेऊन ती अर्ली डिसिजनने (प्रवेश मिळाला तर तिथेच येईन, असं बांधून घेऊन लवकर) अर्ज करते. प्रवेशाच्या त्या गर्दीत कोचचा पाठिंबा म्हणजे मोठं बळ. आयव्ही लीगमध्येही खेळाची शिष्यवृत्ती नसते, मदत घरच्या ऐपतीवरच ठरते, आणि कोच बोलायला लागले की पहिला प्रश्न गुणांचाच असतो. म्हणून नववीपासूनचा प्रत्येक ‘बी’ मोजला जातो. पहिल्या विभागासाठीसुद्धा एनसीएएच्या सोळा मूळ विषयांची अट असते आणि त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधी संपायला हवेत. शाळेच्या समुपदेशकाला हे नववीतच सांगून ठेवा.

व्हिसाचा मुद्दा तुम्ही फक्त ओझरता लिहिलाय, पण तो मोठा आहे. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या मुलांच्या व्हिसावर) असलेल्या मुलीला खेळायला, शिष्यवृत्ती घ्यायला एनसीएएची आडकाठी नाही. पण एच-४ एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच. तुमच्या मुलीचा तो वाढदिवस नोव्हेंबर २०३३ मध्ये, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, ऐन मोसमाच्या शेवटी येतो. तोवर ग्रीन कार्ड हातात नसेल तर त्याआधीच एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करून घ्यावा लागेल. एफ-१ वर शिष्यवृत्ती चालते, पण जाहिराती किंवा प्रायोजकांकडून पैसे घेणं नोकरीच्या नियमांत अडकतं. केंद्र सरकारची, फाफ्सा या अर्जामार्फत मिळणारी मदत एच-४ ला नाही, आणि अनेक कॉलेजं प्रवेशाच्या वेळी तिला आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, अ‍ॅम्हर्स्ट अशी मोजकी कॉलेजं अशा मुलींचाही अर्ज ऐपत न बघता तपासतात आणि गरजेएवढी मदत देतात. इमिग्रेशन वकिलाशी नववीतच एकदा बसा.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: गुडघे. वयात येणाऱ्या मुलींना एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध) तुटण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. एक एसीएल म्हणजे शस्त्रक्रिया आणि नऊ महिने ते वर्षभर मैदानाबाहेर. फिफाने तयार केलेला ‘११+’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमित केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे सिद्ध झालेलं आहे: एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. नव्या क्लबच्या सरावाला वीस मिनिटं आधी जाऊन उभ्या राहा. मुली हे करताहेत का, आणि कोणी मोठं माणूस त्यांचे गुडघे बघतंय का? की दोन फेऱ्या मारून सरळ शूटिंग सुरू? माझ्या मते क्लब निवडायची याहून चांगली परीक्षा नाही. उन्हाळ्यात शाळा, क्लब आणि कॅम्प असे तीन कोच एकाच वेळी तिला पळवत असतील तर त्यातला एक कमी करा.

घरात शाकाहारी जेवण असेल तर पाळी सुरू झाल्यावर डॉक्टरांना सांगून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. ‘हल्ली दमते, लक्ष नाही तिचं’ असं ज्यांच्याबद्दल ऐकलं, त्यातल्या काही मुलींच्या अंगात लोहच नव्हतं. सकाळच्या सामन्याआधी तीन तास पोहे किंवा उपमा आणि दही उत्तम. ‘भूक नाही’ म्हणून केळ्यावर पाठवू नका. पाळी सलग तीन महिने चुकली तर ‘खेळते ना, होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका. आणि आजी फोनवर ‘उन्हात काळी पडेल पोर’ म्हणाल्या, तर ते तिच्या कानावर जाणार नाही एवढं बघा. या वयात तेवढ्यावरून मुली खेळ सोडतात.

तर आता काय करायचं. डायरेक्टरला नव्या गटाची यादी विचारा. जो कोच येत्या मोसमात टीम घेणार आहे, त्याचाच सराव बघा; ट्रायआउट घेणारा आणि वर्षभर शिकवणारा कोच अनेकदा वेगळे असतात. तिला तिथे दोन सरावांना पाठवा आणि परतताना गाडीत काही विचारू नका. घरी येऊन, जेवून झाल्यावर ती स्वतःहून जे बोलेल ते ऐका. करारावर सही करण्याआधी मध्येच सोडलं तर फी परत मिळते का, ते वाचा. क्लबचे कोच मुलीला एकटीला मेसेज करत नाहीत, दुसरं मोठं माणूस प्रत्येक संदेशात असतं, हा सेफस्पोर्टचा (खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठीच्या संस्थेचा) नियम ते पाळतात का, तेही विचारा. आणि जायचं ठरलंच, तर सध्याच्या कोचला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मुलीने स्वतः जाऊन सांगावं. दोन वर्षांनी एखादा कॉलेज कोच चौकशीसाठी फोन करेल, तो त्यांनाही करू शकतो.